कॅरमच्या खोलीतला दुसरा डबा

१

भोईवाड्यातल्या मेस्त्री चाळीच्या दारात एक फळा आहे. पाण्याची वेळ बदलली, कुणाची मुलगी पदवीधर झाली, कुणी वारलं, सगळं त्यावर खडूने लिहितात. त्या शनिवारी त्यावर लिहिलं होतं : ‘कालकथित रामजी सखाराम जाधव, वय ५७. पुण्यानुमोदन रविवारी सकाळी दहा वाजता.’ अक्षर नीटनेटकं होतं. त्याखाली दुसऱ्या कुणीतरी खडू दाबून तीन शब्द जोडले होते : ‘बायकोच्या हातून गेला.’

सहा दिवस ते तीन शब्द तिथे होते. चाळीतली दीडशे माणसं रोज त्यांच्यासमोरून गेली आणि एकाचाही हात पुसायला उठला नाही. चौतीस वर्षं मी मुलांना शिकवलं. मुलं फळ्यावर काहीबाही लिहितात, पण पुसायला कुणी ना कुणी उठतंच. मी पदराने ते पुसायला गेले, तर वरच्या गॅलरीतून एक बाई म्हणाली, “राहू द्या. पोलिसांचं व्हायचंय अजून.”

रामजीची बायको राधा सातवीत माझ्या वर्गात होती. पुढे ती एका इस्पितळात आया म्हणून लागली. मी गिरगावहून बस पकडून तिला भेटायला आले होते. दुसऱ्या मजल्यावरच्या खोलीत ती भिंतीला टेकून बसली होती. बाबासाहेबांच्या आणि बुद्धाच्या तसबिरीसमोर मेणबत्ती होती आणि पानाच्या पुडीत सुकून काळी पडलेली सोनचाफ्याची चार फुलं.

तिने मला बसायला चटई दिली आणि सरळ विचारलं, “बाई, तुम्ही विज्ञान शिकवायचात. मला खरं सांगा. मीच मारलं का त्यांना?”

मी तिला सगळं पहिल्यापासून, काही न गाळता सांगायला लावलं. तीन वर्षांपूर्वी रामजीला हृदयविकाराचा झटका आला होता. तेव्हापासून छातीत दुखलं की खाली बसवायचं आणि एक गोळी जिभेखाली ठेवायची, असं डॉक्टरांनी तिला शिकवलं होतं. तिने ती आठ-दहा वेळा दिली होती आणि दर वेळी पाच मिनिटांत त्याला बरं वाटलं होतं. गेल्या रविवारी दुपारभर तो खाली मंडळाच्या खोलीत कॅरम खेळत होता. सहाला वर आला तो हसत, हातात सोनचाफ्याची पुडी घेऊन. कान तापलेले, नाक चोंदलेलं, डोकं जरा दुखतंय म्हणाला. मग छाती जड झाली. तिने गॅलरीतून टॅक्सीसाठी हाक मारली, आत येऊन गोळी जिभेखाली ठेवली. पाच मिनिटांत तो घामाने थंड पडला आणि तिच्या मांडीवरून घसरला. इस्पितळात पोचेपर्यंत नाडी नव्हती.

रामजीच्या धाकट्या भावाने, निलेशने, पोलिसांत लेखी दिलं होतं की वहिनीने कसलीशी गोळी दिली आणि दादा जागच्या जागी गेला. शवविच्छेदन झालं होतं, व्हिसेरा, म्हणजे पोटातल्या अवयवांचे नमुने, तपासणीसाठी राखून ठेवला होता, रिपोर्टला महिने लागणार होते. तोवर इस्पितळाने राधाला घरी बसायला सांगितलं होतं.

गोळ्यांची पट्टी पोलिसांनी नेली होती, पण आधीची रिकामी पट्टी तिने जपून ठेवली होती. दुकानाची पावतीही होती. दोन्ही पट्ट्या एकाच दिवशी, एकाच दुकानातून आणलेल्या होत्या. मुदत संपायला दीड वर्ष होतं.

गोळी तीच, मात्रा तीच, देणारा हात तोच. मग या वेळी वेगळं काय होतं?

२

मंडळाची खोली तळमजल्यावर जिन्याखाली आहे. चपलांचा वास, बिडीच्या धुराने पिवळ्या झालेल्या भिंती, मधोमध कॅरम. तिघे बसले होते. निलेशला मी लहानपणी पाहिलेलं. दुसरे गुणाजी परब, साठी उलटलेले, मूळचे मालवणकडचे, स्वतःच हृदयाचे पेशंट. तिसरा अजित. तो दादरला एका दवाखान्यात वीस वर्षं कंपाउंडर होता आणि चाळ त्याला डॉक्टरच म्हणे. लोकांची औषधं दुकानातून आणून देणं, रक्तदाब मोजणं, सगळं तोच करी. रामजीच्या गोळ्याही तोच आणायचा.

मी एकेकाला गॅलरीत बोलावून विचारलं, की रामजीने त्या दुपारी काय खाल्लं-प्यायलं. निलेश म्हणाला, “कटिंग चहा आणि दोन खारी, बाकी काही नाही.” गुणाजींनी टोपी काढून डोकं खाजवलं आणि ते म्हणाले, “कटिंग चहा आणि दोन खारी, बाकी काही नाही.” मालवणी बोलणारा माणूस एवढं एकच वाक्य शुद्ध बोलला. अजितनेही तेच सांगितलं, त्याच शब्दांत, त्याच क्रमाने.

शेजारी बसलेल्या तीन मुलांच्या वह्यांत एकच वाक्य आलं, की तिघांतल्या एकानेच अभ्यास केलेला असतो. कुणाची वही मूळ आहे एवढंच शोधायचं उरतं.

अजितला मी आणखी एक विचारलं, की तो वर केव्हा पोचला. तो खेदाने मान हलवून म्हणाला, “सगळं झाल्यावर हो. रडणं ऐकलं तेव्हा धावलो. आधी कळलं असतं तर काही करता आलं असतं.”

आत येऊन मी बाकावर टेकले. त्यांना वाटलं, म्हातारी दमली. गुणाजींनी स्ट्रायकर मारला, तो बोर्डाच्या मध्यावरच अडकला. पावडर संपल्याची ते कुरकुर करत होते. निलेशने कोनाड्यातला डबा उलटा करून ठोकला, त्यातून चिमूटभर पांढरं पडलं. कोनाड्यात तसलाच दुसरा डबा होता. बोर्ड कोरडा ठणठणीत, खेळ अडलेला, आणि तिघांपैकी एकानेही त्या डब्याकडे पाहिलं नाही.

मी सहज हात पुढे केला. डबा चांगला भरलेला होता.

अजित पटकन उठला आणि माझ्या हातून डबा काढून घेत हसला. “तो नको, बाई. ओला झालाय तो.”

ओली पावडर कुणी जपून ठेवत नाही. बाकीचे दोघे बोर्डावरच्या सोंगट्यांकडे बघत राहिले, वर्गात काच फुटल्यावर मुलं पायांकडे बघतात तशी.

३

मी पुन्हा वर गेले. राधाला म्हटलं, “तू काहीतरी गाळलंस. सातवीतही तू चुकलेलं गणित दाखवायची नाहीस.”

तिने सुकलेल्या फुलांची पुडी मिटली. मग म्हणाली, ते सांगितलं तर फासच बसेल. पोलिसांनाही सांगितलं नाही.

“सांग.”

“मी गोळी त्यांच्या जिभेखाली ठेवली आणि तेवढ्यात जिन्यातून अजितभाऊजी ओरडले, ‘वहिनी, गोळी देऊ नका.’ बाकी कुणी ऐकलं नाही, सगळे टॅक्सी आणायला पळाले होते. मी दारात गेले तोवर ते परत वळले होते. बाई, भाऊजींना कळत होतं आणि मला कळलं नाही. म्हणजे माझीच चूक ना?”

तीन वर्षं ही गोळी ज्याने स्वतः आणून दिली, छातीत दुखलं की आधी हीच द्या असं ज्याने चाळीला शिकवलं, तोच माणूस त्या संध्याकाळी ती देऊ नका म्हणून ओरडला होता. गोळी मुळात वाईट असती तर तो तीन वर्षांपूर्वीच ओरडला असता. त्या दिवसापुरतीच ती वाईट होती, आणि ते त्याला आधीपासून ठाऊक होतं. तरी मला तो सांगत होता, की रडणं ऐकल्यावर धावलो.

संध्याकाळी मी श्रेयाला फोन केला. तीही माझी विद्यार्थिनी, आता हृदयरोगाची डॉक्टर. तिला विचारलं, की जिभेखालची ही गोळी एरवी बरं करते, पण कशावर दिली तर मारते?

श्रेया म्हणाली, “आहे, बाई, एक गोष्ट. पण पेशंट ती आम्हाला सांगत नाहीत. पुरुषांना ताकदीसाठी, म्हणजे बायकोजवळ जाताना घ्यायची गोळी असते. ती घेतल्यावर दिवसभरात ही दिली तर रक्तदाब पार कोसळतो. काही गोळ्यांचा असर दोन-दोन दिवस राहतो.”

मी रामजीचे तापलेले कान, चोंदलेलं नाक आणि डोकेदुखी सांगितली. ती म्हणाली, तीच लक्षणं. हे औषधही एरवी विष नव्हे. पण लिहून देण्याआधी डॉक्टरने छातीची, रक्तदाबाची, चालू असलेल्या प्रत्येक औषधाची चौकशी करायची असते. दोन मजले न थांबता चढता येतात का, हेसुद्धा विचारायचं असतं. जिभेखालची गोळी बाळगणाऱ्याला तर ते द्यायचंच नाही. आणि बाजारात जडीबुटी म्हणून विकतात त्या चूर्णांत पुष्कळदा तीच गोळी कुटून घातलेली असते, म्हणजे घेणाऱ्याला आपण काय घेतलं हेच कळत नाही.

“व्हिसेरात सापडेल?”

“शोधा म्हणून कुणी सांगितलं तर. नाहीतर कोण शोधणार?”

फोन ठेवला आणि मला सोनचाफा आठवला. रविवार, कसलाही सण नाही, आणि सत्तावन्न वर्षांच्या नवऱ्याने बायकोसाठी फुलं आणली. त्यामागोमाग दुसरं आठवलं. तो डबा अजून भरलेला होता. त्यातलं अजून कुणीतरी खात होतं.

४

रविवारी साडेनऊला मी चाळीत पोचले. पुण्यानुमोदनासाठी अंगणात खुर्च्या मांडल्या होत्या, पांढऱ्या कपड्यांतली माणसं जमत होती. राधा पहिल्या रांगेच्या टोकाला बसली होती आणि तिच्या शेजारच्या तीन खुर्च्या रिकाम्या होत्या. शेजारी बसलं तर पाप लागेल असं चाळीला वाटत असावं.

मंडळाच्या खोलीतून खुर्ची पडल्याचा आवाज आला. मी दारात पोचले तर गुणाजी भिंतीला टेकून खाली बसले होते, हात छातीवर, चेहरा लालसर, कपाळावर घाम. निलेश गुडघ्यांवर बसून त्यांच्या सदऱ्याच्या खिशातली पट्टी काढत होता. “काका, तोंड उघडा. जीभ वर करा.” तीच गोळी होती. त्याने ती पट्टीतून दाबून बाहेर काढली.

अजित दोन हात अंतरावर, खिडकीपाशी उभा होता. तो सगळं बघत होता. गेल्या रविवारी जिन्यातून ओरडला होता तोच माणूस. आज ओरडला असता तर त्याला सगळ्यांसमोर कारण सांगावं लागलं असतं. त्याने मान वळवली आणि अंगणातल्या खुर्च्या मोजत असल्यासारखा बाहेर पाहू लागला.

मी निलेशचं मनगट धरलं. “ती गोळी देऊ नकोस.”

“बाई, काका मरतील. सोडा.”

“गुणाजी, त्या दुसऱ्या डब्यातलं आज घेतलंत का?”

खोलीत आठ-दहा पुरुष जमले होते. सगळ्यांना डबा ठाऊक होता, ते त्यांच्या नजरांवरून दिसत होतं. एकही बोलला नाही. एक माणूस जमिनीवर घामाघूम होऊन पडला होता आणि त्यांना आपली लाज सांभाळायची होती. आयुष्यात इतकी किळस मला कधी आली नव्हती.

शेवटी गुणाजीच बोलले, तुटक. “होय, बाईनू. सकाळी घेतलंय. अजितान दिल्यान.”

निलेशच्या हातातली गोळी फरशीवर पडली.

१०८ ला फोन झाला. मी निलेशला सांगितलं, “गाडीतल्या डॉक्टरला सगळ्यात आधी हे सांगायचं, की ताकदीचं औषध घेतलंय, जिभेखालची गोळी दिलेली नाही. लाजलास तर गुणाजींना तू मारलंस असं मी फळ्यावर लिहीन.” गाडी येईतो राधाने आत येऊन गुणाजींना आडवं केलं, सदऱ्याची बटणं सोडली आणि त्यांचा हात धरून बसली. ते तिचं रोजचं काम होतं. तिला कुणी बोलावलं नव्हतं, आणि या वेळी दूर हो म्हणायची कुणाची हिंमत झाली नाही.

५

गुणाजींना गाडीने नेल्यावर मी कोनाड्यातला डबा काढला. अजितने ‘ओला झालाय’ असं पुन्हा म्हणून पाहिलं. मी अंगणातल्या टेबलावर काचेचा पेला ठेवला, त्यात पाणी घेतलं आणि डब्यातलं चमचाभर चूर्ण वर सोडलं. हा प्रयोग मी पाचवीतल्या मुलांकडून करून घ्यायचे, वाळू, भुसा आणि मीठ वेगळं ओळखायला. तपकिरी पूड सावकाश खाली बसली. वर तरंगत राहिल्या निळ्या कपच्या, नखाच्या टोकाएवढ्या.

“अजित, अश्वगंधा निळी असते का रे?”

ताकदीच्या गोळीच्या आतल्या भागाचं मिक्सरमध्ये पीठ होतं, पण वरचं रंगाचं आवरण नीट दळलं जात नाही. त्याच्या कपच्या उरतात.

मग मी जमलेल्यांना एकेक पायरी समजावली, वर्गात समजावते तशी. “चाळीच्या टाकीतून पाणी दुसऱ्या मजल्यावर कसं चढतं? पाइपात जोर असतो म्हणून. पाणी तेवढंच ठेवून सगळे पाइप एकदम रुंद केले तर वर थेंब येत नाही. ही दोन्ही औषधं रक्ताचे पाइप रुंद करतात. एकेकटं शरीर सोसतं. दोन्ही एकदम आली की जोर संपतो आणि हृदयालाच रक्त मिळत नाही. राधाने डॉक्टरांनी सांगितलं तेच केलं. तिच्यापासून लपवलं होतं ते दुसरं.”

मी तिघांच्या एकाच वाक्याबद्दल सांगितलं. वही कुणाची होती ते आता उघड होतं. जिन्यातल्या हाकेबद्दल राधाने स्वतः सांगितलं, उभी राहून, सगळ्यांदेखत.

अजित खुर्चीत बसला आणि एकेक कबूल करत गेला. निळ्या गोळ्या दळून तोच चूर्णात मिसळत होता. रामजी डॉक्टरकडे जायला लाजत होता, तेव्हा यानेच त्याला सांगितलं होतं, की हे झाडपाल्याचं आहे, डॉक्टरला विचारायची गरज नाही. गुणाजींनाही तेच सांगितलं होतं. बायकांच्या हाती लागू नये म्हणून चूर्ण कॅरमच्या डब्यात ठेवायची कल्पना सगळ्यांना आवडली होती, प्रत्येकजण येताजाता चमचाभर घ्यायचा. दोघांच्या जिभेखालच्या गोळ्या हाच आणून देत होता. त्या रविवारी राधाची हाक ऐकली तेव्हा त्याला कळलं आणि तो धावला. गोळी दिली गेली हे जिन्यातूनच दिसल्यावर तो परत खाली गेला आणि सगळ्यांत आधी त्यानेच म्हटलं, की वहिनीच्या गोळीने गेला.

“मला मारायचं नव्हतं,” तो म्हणाला.

“आज मारायचं होतं,” मी म्हटलं. “आज तू खिडकीतून बाहेर बघत होतास.”

निलेश इस्पितळातून दुपारी परतला. गुणाजी शुद्धीवर होते, वेळेत कळलं म्हणून वाचले असं डॉक्टर म्हणाले. तोवर डबा आणि पेला पोलिसांनी नेला होता, अजितलाही नेलं होतं, आणि व्हिसेरात काय शोधायचं हे श्रेयाने त्यांना लेखी दिलं होतं. निलेश राधासमोर खाली मान घालून उभा राहिला. दादाने त्या दिवशी डब्यातलं घेतलं होतं हे त्याला माहीत होतं. त्याला खरोखर वाटलं होतं, की ते झाडपाल्याचं आहे. “मरणानंतर दादाची अब्रू जायला नको, म्हणून गप्प बसलो, वहिनी.”

“आणि माझी?” राधा म्हणाली.

ती पुढे बोलली ते निलेशशी नव्हतं, रामजीशी होतं. “मला विचारायचं तरी. तीन वर्षांत मी काही मागितलं होतं का? फुलं पुरली असती मला.”

मग ती दारातल्या फळ्यापाशी गेली. ‘बायकोच्या हातून गेला’ हे तिने पदराने पुसलं. खडू काढून दिला तो निलेशने. खडू कुठे ठेवलेला असतो ते त्याला बरोबर ठाऊक होतं.

सातवीत होतं तसंच तिचं अक्षर अजून गोल आहे. रामजीच्या नावाखाली तिने लिहिलं :

‘छातीत दुखल्यावर घ्यायची गोळी जवळ असेल त्याने ताकदीचं काहीही घेऊ नये, झाडपाल्याचं म्हणून दिलं तरी. इतरांनी डॉक्टरला विचारल्याशिवाय घेऊ नये. घेतलंच असेल तर छातीत दुखताक्षणी आधी ते सांगावं. डॉक्टरची लाज वाटली तर बायकोला सांगावं. — राधा रामजी जाधव, दुसरा मजला.’

खटला उभा राहिला आहे. राधा कामावर परत गेली आहे. पाण्याच्या वेळा आता फळ्याच्या उरलेल्या अर्ध्या भागात लिहितात.